मालिनीबाईंचं ‘अहो’ चीनला पोचलं

झिंडेलफिंगेनला निमकरांच्या शेजारी राहणारी जर्मन म्हातारी श्यामकांत निमकरांना कित्येक वर्षं ‘हेर आहो’, म्हणजे श्रीयुत आहो, म्हणत असे. तिची तरी काय चूक? मधल्या कुंपणावरून तिला दिवसभर तेच ऐकू यायचं. ‘अहो, दूध उतू जातंय!’ ‘अहो, फोन!’ ‘अहो, ऐकलंत का?’ इतक्या हौसेने आणि इतक्यांदा मारलेली हाक म्हणजे माणसाचं नावच असणार, असं धरून तिने नाताळच्या कार्डावरसुद्धा ‘हेर आणि फ्राऊ आहो’ असंच लिहिलं. मालिनीबाईंनी ते कार्ड कौतुकाने फ्रिजवर लावलं. श्यामकांतराव ते काढून ठेवायचे, बाई पुन्हा लावायच्या.

बाकीच्या बायकांचं ‘अहो’ हाक मारण्यापुरतं असतं. मालिनीबाईंच्या ‘अहो’त अख्खा संसार भरलेला. दारावर कुणी आलं की ‘अहो’ म्हणजे ‘तुम्ही बोला’. हॉटेलात वेटर आला की ‘अहो’ म्हणजे ‘मला काय हवं ते सांगा त्याला’. आणि डॉक्टरांनी कुठे दुखतंय असं विचारलं, तर बाई ‘अहो’ म्हणून मोकळ्या, आणि बायकोचा गुडघा कुठे दुखतो हे श्यामकांतराव स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून सांगायचे! एकदा त्या डॉक्टरने त्यांचाच गुडघा तपासायला घेतला होता म्हणे. नवऱ्याचं नाव बाईंनी घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, तेही इतक्या बारीक आवाजात, की वरमाईने ‘मुलगी कुणाचं नाव घेतेय ते तरी कळू दे’ असं म्हटलं होतं.

आता कुणाला वाटेल, बाईंना जर्मन येत नसेल. छे! फक्कड येत होतं. एकट्या बाजारात गेल्या की गाजरवाल्याशी गाजराच्या तब्येतीवर गप्पा मारायच्या. फक्त नवरा शेजारी उभा राहिला की त्यांची जीभ रजेवर जायची. श्यामकांतराव मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर, निवृत्तीला आलेले, आणि कुणी प्रश्न विचारला की तो आपल्यालाच आहे असं समजणाऱ्या जातीचे. दोघांचं छान जमलं होतं.

मुलगी ईश्वरी शिकायला हायडेलबर्गला गेली आणि घर शांत झालं, तेव्हा बाईंनी गावच्या फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या शाळेत, नाव घातलं. आधी योगासनांच्या वर्गात. पण तिथे भारतीय बाई त्या एकट्याच. जर्मन शिक्षिका दर आसनानंतर वळून विचारायची, “फ्राऊ निमकर, बरोबर झालं?” फ्राऊ निमकरांनी आयुष्यात शवासनापलीकडे मजल मारलेली नव्हती, आणि तेही दुपारचं, जेवल्यावर. लाज वाटून त्या एका संध्याकाळी मधूनच उठल्या आणि शेजारच्या खोलीत शिरल्या. तिथे चिनी शाईचित्रांचा वर्ग चालला होता.

शिकवणारी फ्राऊ लिन चिमणीएवढी बाई. दक्षिण चीनमधल्या गुइलिनकडची, लग्न करून श्टुटगार्टला आलेली. तिने मालिनीबाईंच्या हातात कुंचला दिला आणि डोंगर काढायला शिकवलं. माथा काढायचा, पायथा काढायचा, मधला भाग कोराच सोडायचा. ते धुकं. बाईंना त्या कोऱ्या जागेचं वेडच लागलं. जेवणाच्या टेबलावर, गॅलरीत, जिथे तिथे डोंगर वाळत पडलेले. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, “फ्राऊ लिन, तुमच्याकडे धुकं खरंच असं डोंगराच्या कमरेला बसतं, की चित्रकारांना मधलं काढायचा कंटाळा येतो?”

फ्राऊ लिन पोट धरून हसली. म्हणाली, “येऊन बघा.”

ते ‘येऊन बघा’ मालिनीबाईंच्या मनात रुतून बसलं. आणि योग असा की दोन हजार चार साली फ्राऊ लिनने खरोखरच सहल ठरवली. शरद ऋतूत तिच्या विद्यार्थ्यांना घेऊन चीन, शेवटचा मुक्काम गुइलिन. त्याआधी तयारी म्हणून, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत, बसने जर्मनीतला चीन बघायचा: इथल्या राजांनी हौसेने जमवलेला, बांधलेला, नक्कल केलेला. चीनच्या जागा झटपट भरल्या. उरली एक. ती कुणाची हे बसच्या सहलीच्या शेवटी, मानहाइमच्या चिनी चहाघरात ठरायचं होतं.

बाईंनी घरी विषय काढला, आणि श्यामकांतरावांनी तो परत ठेवून दिला.

“चीन? अगं, खाणार काय तिथे? साप?”

“भात असतो की.”

“भाताखाली काय असतं ते बघितलंयस? आणि तू एकटी! विमानतळावर कुणी काही विचारलं तर काय करशील?”

काय करतील ते दोघांनाही माहीत होतं. ईश्वरीने हायडेलबर्गहून फोनवर सांगून बघितलं. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची जर्मन. “बाबा, लास झी दोख फारन!” म्हणजे जाऊ द्या की तिला. बाबा म्हणाले, “गेनाऊ, गेनाऊ,” म्हणजे बरोबर, बरोबर, आणि फोन ठेवला. मात्र बसच्या सहलीला ते स्वतःहून निघाले. ‘मलाही जरा इतिहास बघायचाय’ असं म्हणाले. इतिहासाचं निमित्त. खरं म्हणजे मानहाइमला त्या शेवटच्या जागेला नकार द्यायला कुणीतरी हजर हवं होतं.

बसमध्ये त्यांच्या मागच्याच बाकावर नीता. ब्योबलिंगेनची, मालिनीबाईंची जिवाभावाची मैत्रीण. ती नवऱ्याला सरळ ‘शरद’ म्हणायची, चीनची जागा तिने पहिल्या दिवशीच धरून ठेवली होती, आणि शरदला तिने ते नंतर सांगितलं होतं.

“काय भावजी, चीनचा पहारा करायला आलात वाटतं?” नीताने बसल्या बसल्या चिमटा काढला.

“इतिहास, इतिहास,” श्यामकांतराव म्हणाले आणि खिडकीबाहेर इतिहास दिसतोय असं तोंड केलं.

पहिला मुक्काम ड्रेस्डेन. तिथल्या राजवाड्यात चिनी मातीच्या भांड्यांचा असा काही बाजार मांडलेला, की मालिनीबाईंचे डोळे दिपले. माणसाच्या छातीएवढ्या निळ्या-पांढऱ्या बरण्या ओळीने उभ्या. फ्राऊ लिनने त्यांची गोष्ट सांगितली. इथला राजा या भांड्यांसाठी वेडा झाला होता. शेजारच्या राजाकडच्या अशा बरण्या हव्यात म्हणून त्याने आपली घोडेस्वारांची फलटणच्या फलटण देऊन टाकली. शेजारच्या राजाला भांड्यांचं प्रेम नव्हतं, शिपायांचं होतं. सौदा दोघांच्या पसंतीचा. शिपायांना कुणी विचारलं नाही.

“मालिनी,” नीता कुजबुजली, “भावजींना देऊन काय मिळेल गं?”

“एखादं झाकण,” मालिनीबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच धिटाईने चपापून हसल्या.

श्यामकांतराव बरणीपुढे उभे राहून मान हलवत होते. “यात अख्ख्या सोसायटीचं लोणचं मावेल.”

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका बरणीवर बाईंना डोंगर दिसले. निळे, आणि कमरेशी कोरे. त्यांच्या तोंडून भस्सकन निघालं, “अहो! अहो, बघा ना!”

फ्राऊ लिन गर्रकन वळली. तिचा चेहरा उजळला. “हाओ?” ती म्हणाली. “हो, हाओ, हाओ!”

झालं असं, की चिनी भाषेत ‘हाओ’ म्हणजे छान. वा, बरं, चालेल, हवं, सगळं त्यात आलं. ‘नी हाओ’ हा नमस्कार वर्गात सगळ्यांना येत होता, पण नुसत्या हाओची कुणाला कल्पना नव्हती. आणि वर्गात श्यामकांतराव कधी नसल्यामुळे फ्राऊ लिनने मालिनीबाईंचं ‘अहो’ही आजवर ऐकलंच नव्हतं. तिला वाटलं, या गप्प बाईला भांडी इतकी आवडली, की आनंदाने तिच्या तोंडून आपली भाषा बाहेर पडली! तिने मालिनीबाईंचा हात धरला आणि उरलेल्या दालनांतली एकेक बरणी एकट्या त्यांना समजावून दिली. बाई मदतीसाठी मागे वळून ‘अहो, अहो’ करत होत्या, आणि फ्राऊ लिन अधिकच खुलत होती.

“तुला बरं धरून नेलं तिने,” संध्याकाळी श्यामकांतराव म्हणाले.

“मी तुम्हाला हाका मारत होते. तुम्ही लोणचं घालत होतात.”

पुढे पॉट्सडाम. तिथे राजाच्या बागेत सोन्याचा मुलामा दिलेलं चिनी घर आहे. सोनेरी ताडांच्या खांबांखाली सोनेरी चिनी माणसं बसलीत, चहा पितायत, अननस खातायत, वाजंत्री वाजवतायत. मालिनीबाई जवळ गेल्या आणि थबकल्या. पगडी चिनी, झगा चिनी, पण तोंडं? ही तोंडं तर रोज बेकरीत दिसतात!

“बरोबर ओळखलंत,” फ्राऊ लिन म्हणाली. “घडवणाऱ्यांनी चीन बघितलाच नव्हता. समोर दिसला त्या शेजाऱ्याला बसवलं आणि घडवलं. हा बघा, हा माझा आजोबा नव्हे. हा पाववाला.”

सगळे हसले. मालिनीबाईही हसल्या, पण मग कितीतरी वेळ त्या पाववाल्या चिन्याकडे बघत राहिल्या. घरात वाळत पडलेले आपले डोंगर त्यांना आठवले. कुणी गुइलिनचा माणूस आपल्या घरी आला, तर तोही असंच म्हणेल का, की हा माझ्या गावचा डोंगर नव्हे, हा पर्वतीचा? आता चीन बघायची नुसती हौस उरली नव्हती. आपण काढतो ते खरं आहे की नाही, ते त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच होतं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “मला ना…”

“पाय दुखले? बस तिथे. मी फोटो काढून येतो.”

मधल्या मधे फ्राऊ लिनने ते ‘अहो’ झेललं आणि तिसऱ्यांदा त्यांना त्या घराभोवती फिरवून आणलं.

बर्लिनला मारत्सानमध्ये एक खरी चिनी बाग आहे, चीनहून कारागीर आणि दगड आणून केलेली. तळ्यावर नागमोडी पूल, कारण भुतांना म्हणे वळता येत नाही. श्यामकांतराव त्या पुलावरून सरळ जायला बघत कठड्यावर आपटले, तेव्हा नीता म्हणाली, “भावजी, तुमची परीक्षा झाली हो!” तिथल्या चहाघरात फ्राऊ लिनने स्वतः चहा ओतला. अंगठ्याएवढे पेले, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. मालिनीबाईंनी एक प्याला संपवला, फ्राऊ लिनने भरला. दुसरा संपवला, भरला. बाई काकुळतीला आल्या.

“अहो, पुरे म्हणा ना त्यांना!”

“हाओ!” फ्राऊ लिन आनंदली आणि काठोकाठ भरला.

“अहो, काहीतरी बोला!”

“हाओ, हाओ!”

श्यामकांतरावांना बोलायला सवड नव्हती. समोर वाफाळते मोदकासारखे मोमो आले होते, आत कोबी होता, आणि सापाचा विषय त्यांनी तिसऱ्या मोमोनंतर स्वतःपुरता मिटवला होता. नीताने आपला प्याला गपचूप कुंडीत ओतला. मालिनीबाईंना ते सुचलं नाही. त्या दिवशी बागेतलं सर्वांत सुंदर स्थळ कोणतं, असं त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी प्रामाणिकपणे प्रसाधनगृह सांगितलं असतं.

परतीच्या वाटेवर शेवटी मानहाइम आलं. मोठ्या बागेत, तळ्याकाठी, वर उचललेल्या छपरांचं चहाघर. पाण्यात लालपिवळे मासे. मालिनीबाई खिडकीपाशी बसल्या. आज ती शेवटची जागा ठरायची. समोरच्या टेबलावर फ्राऊ क्योप्फ, सत्तरीची ताठ बाई. तिलाही ती जागा हवी होती आणि ते तिने येताना बसमध्ये दोनदा सांगितलं होतं. श्यामकांतराव माशांचे फोटो काढायला बाहेर गेले होते. ‘विषय निघाला की बोलाव’ असं बजावून.

चहा झाला, तिळात घोळवलेले गोड गोळे आले, आणि फ्राऊ लिनने टाळी वाजवली.

“आल्झो, तर मग! चीनची शेवटची जागा. कोण येणार?”

फ्राऊ क्योप्फने नेमका तेव्हाच अख्खा गोळा तोंडात टाकला होता. तिचे दात त्यात रुतले. तिने हात वर करायला बघितलं, तर बोटं बशीतल्या दुसऱ्या गोळ्याला चिकटलेली. सगळे इकडेतिकडे बघू लागले. नीताने टेबलाखालून मालिनीबाईंना लाथ मारली. “बोल!”

बाईंच्या मनात एवढं मोठं ‘मी’ उभं होतं. पण ओठांना सवय वेगळीच. नको म्हणणाऱ्या माणसालाच त्या मदतीला बोलावत होत्या, हे तेव्हा कळतं तर कशाला! दाराकडे वळून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या,

“अहो! अहो, अहो!”

“हाओ!” फ्राऊ लिन उठून उभी राहिली. “बघितलंत? सगळ्यांत आधी फ्राऊ निमकर! ठरलं!”

टाळ्या पडल्या. कॅमेरा गळ्यात घालून श्यामकांतराव धावत आत आले, तर अनोळखी माणसं त्यांचा हात हलवून अभिनंदन करत होती.

“कशाबद्दल?”

“तुमची बायको चीनला निघाली!”

त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोचं तोंड उघडंच होतं. मग त्यांनी फ्राऊ लिनला विचारलं, बायको नक्की काय म्हणाली, आणि ऐकताच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गैरसमज समजावून सांगायला मिळणं म्हणजे इंजिनियरला दिवाळी. “मिसफरश्टेंडनिस, फ्राऊ लिन!” ते म्हणाले. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, ती ‘अहो’ म्हणते. त्याचा अर्थ छान नव्हे. त्याचा अर्थ, म्हणजे, ‘ऐका’. म्हणजे, ‘या इकडे’. म्हणजे थोडक्यात, मी.

फ्राऊ लिनचा चेहरा हळूहळू उतरला. “म्हणजे ड्रेस्डेनला? पॉट्सडामला? चहाच्या वेळी?”

“गेनाऊ. सगळीकडे मला बोलावत होती.”

“आणि मी समजत होते,” फ्राऊ लिन खाली बसत म्हणाली, “या बाईला माझा देश आवडतोय.”

ते ऐकलं आणि मालिनीबाईंच्या काळजात कळ आली. आवडतोय की! बरण्या आवडल्या, पाववाला आवडला, चहासुद्धा पहिले दोन पेले आवडला होता. हे सांगायला हवं, आत्ताच. त्या नवऱ्याकडे वळल्या. “अहो, त्यांना…”

फ्राऊ लिनने हात वर केला. “थांबा. आता हे कुठलं? माझं की यांचं?”

चहाघर खदखदून हसलं. नीता तर टेबलावर आडवी झाली. मालिनीबाई मात्र चांगल्याच अडकल्या. नवऱ्याला हाक मारायची तर ‘अहो’ म्हणायला हवं, आणि ‘अहो’ म्हटलं की फ्राऊ लिनला कोडं पडणार. या खोलीत त्या शब्दाची आता खात्री राहिली नव्हती. जिच्यात घोटाळा होणार नाही अशी हाक एकच होती.

त्यांनी पदर नसतानाही खांद्यावरून पदर घेतल्यासारखा हात फिरवला, आणि उखाण्याशिवाय, यमकाशिवाय, ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

“श्यामकांत.”

नीताचं हसू जागच्या जागी थांबलं.

“श्यामकांत, मी चीनला चाललेय.” आणि फ्राऊ लिनकडे वळून, तिला कळेल अशा जर्मनमध्ये, “इश फारं मिट. मी येणार. मला तुमचे डोंगर बघायचेत. आणि सगळं आवडलं. चहा फक्त जरा जास्त झाला.”

फ्राऊ लिनने डोळे पुसले आणि या वेळी पूर्ण खात्री करून घेऊन म्हणाली, “हाओ.”

श्यामकांतराव तसेच उभे. निवृत्तीला आलेला माणूस, पण कान असे लालभडक, जणू आत्ताच बोहल्यावरून उतरलेत.

“भावजी, बसा. पडाल,” नीता म्हणाली.

“हिने माझं नाव घेतलं.”

“मग काय शेजारच्याचं घ्यायला हवं होतं?”

“तसं नव्हे गं… आई गेल्यापासून पूर्ण नाव कुणी घेतलंच नव्हतं. कारखान्यात हेर निमकर, तुमच्यात भावजी, आणि शेजारी…” ते पुढे बोलले नाहीत. खुर्ची ओढून बायकोजवळ बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “अगं, पुन्हा एकदा म्हण ना.”

“आता चीनला गेल्यावर फोनवर,” मालिनीबाई म्हणाल्या आणि तिळाचा गोळा तोंडात टाकला.

श्यामकांतरावांनी थोडा विचार केला. मग उठून ते फ्राऊ लिनकडे गेले. आणखी एक जागा नाही का होणार? नाही. छोटीशी? नाही. वार्टेलिस्टं आहे, म्हणजे प्रतीक्षायादी. कुणी गळलं तर बघू. तिच्यात पहिलं नाव फ्राऊ क्योप्फचं, कारण तिचं तोंड आता मोकळं झालं होतं.

घरी जाताना बसमध्ये नवल घडलं. श्यामकांतराव आपली जागा सोडून पुढे जाऊन फ्राऊ क्योप्फशेजारी बसले. मागे नीता आणि मालिनीबाई कान टवकारून.

“फ्राऊ क्योप्फ,” त्यांनी अतिशय काळजीने सुरुवात केली, “त्या चीनच्या भिंतीला पायऱ्या फार आहेत म्हणतात. या वयात गुडघ्यांना त्रास व्हायचा.”

“मला नाही,” फ्राऊ क्योप्फ म्हणाली. “मी दर रविवारी आल्प्समध्ये डोंगर चढते.”

“हो का? वा. पण तिथे खाणंही वेगळं. साप वगैरे.”

“मला नवीन पदार्थ आवडतात.” तिने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. “तुमचे गुडघे कसे आहेत, हेर निमकर?”

श्यामकांतरावांनी बायकोच्याच सवयीने वळून मागे बघितलं, मदतीसाठी. मालिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि हसण्याने खांदे गदगदा हलत होते.